नादार तात्याबा आणि एक्केचाळीस घरांचं दूध

आमच्या न्हावऱ्यात तात्याबाला दोन नावं होती. दूध घालायच्या वेळेला तो 'डेअरी' आणि एरवी तात्याबा. "डेअरी उठली का गं?" असं बायका सकाळी एकमेकींना विचारायच्या, म्हणजे तात्याबा दात घासून काट्यापाशी बसला का, असा त्याचा अर्थ. त्याला जाऊन आता दोन वर्षं होतील. एक गोष्ट त्याच्या हयातीत बोलता येत नव्हती, ती आता लिहायला हरकत नाही.

त्याच्या बापाची दीडशे मेंढरं होती. तात्याबा स्वतः सतराव्या वर्षापर्यंत बापामागं कोकणात मेंढरं घेऊन चालत जायचा. पुढं कालव्याचं पाणी आलं, चरायची रानं उसाखाली गेली, मेंढरं विकली. जमीन नव्हतीच. भावाबहिणींच्या सामाईक नावावर घर आणि घरामागं अडीच गुंठे. एक्क्याण्णव साली त्यानं घराच्या पुढच्या सोप्यात दूध गोळा करायला सुरुवात केली. चार कॅन, एक काटा, फॅट मोजायचं यंत्र आणि भिंतीला खिळ्यावर अडकवलेली वही.

माणूस कसा होता ते एका गोष्टीत सांगतो. डिग्री म्हणजे दुधाचा दाटपणा, ती अठ्ठावीसच्या खाली आली की दुधात पाणी आहे असं समजायचं. धुरपदाबाईच्या दुधाची डिग्री एक दिवस फारच खाली आली. मागं पंधरा माणसं रांगेत. मी माझ्या एका गाईचं तांब्याभर दूध घेऊन तिच्या मागंच उभा होतो. तात्याबानं काचेची नळी वर धरून पाहिली, तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, म्हशीनं काल पाणी जास्त पिलंया. उन्हात बांधू नका." दुसऱ्या दिवसापासून तिच्या म्हशीनं पाणी कमी प्यायला सुरुवात केली. आणि ह्या गोष्टीवर ती स्वतःच नंतर पोट धरून हसायची.

तर असं ते चाललं होतं. शहाण्णव साली दौंडच्या बाजूची एक खाजगी डेअरी त्याला म्हणाली, दूध गार करायची टाकी बसवशील तर लिटरमागं वीस पैसे जास्त देऊ. टाकीला आणि एका टेम्पोला मिळून दोन लाख लागत होते. दौंडच्या एका शेठनं ते दिले. शेठचं नाव लिहीत नाही, तेही आता राहिले नाहीत. टाकी आली तेव्हा आम्ही तिला हार घातला. तिच्या पोलादात तोंड दिसायचं, म्हणून पोरी वेण्या घालून तिथं यायच्या, तात्याबाची बायको म्हाळसा त्यांना हाकलायची.

नव्याण्णवच्या दिवाळीला ती खाजगी डेअरी बंद पडली. तात्याबा टेम्पो घेऊन गेला तर फाटकाला कुलूप. चाळीस दिवसांच्या दुधाचे पैसे आत अडकले. मालकाचा पत्ता नाही, मॅनेजर म्हणायचा मी पण पगाराचाच माणूस. तात्याबाच्या वहीत एक्केचाळीस घरांचं देणं राहिलं, एक लाख बावीस हजार. दुसरीकडं शेठचे हप्ते थांबले.

वर्षभर तो त्या मालकाला शोधत हिंडला. बारामती, नगर, हडपसर, कुणी सांगेल तिकडं. लोक आमच्याकडचे बरे. "देशील तवा दे," म्हणायचे. पण रस्त्यानं येताना तात्याबा आता गल्लीच्या मधून चालायचा नाही, भिंतीला धरून चालायचा. शेठनं दौंडच्या कोर्टात दावा लावला. पहिल्या तारखेला हा गेलाच नाही. त्याला वाटलं, आपल्याकडं पैसे नाहीत हे शेठला ठाऊक आहे, मग कोर्टाला तेच सांगायला तिकीट कशाला खर्चायचं. हुकूमनामा झाला. व्याजासकट तीन लाख चाळीस हजार. आणि दोन हजार एकच्या जानेवारीत बेलिफानं एक कागद आणून दिला. रक्कम भरत नाही म्हणून तुम्हाला दिवाणी कैदेत का ठेवू नये, याचं कारण महिनाभरात दाखवा.

तो कागद मीच त्याला वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला त्यानं.

मग म्हणाला, "आबा, म्हंजी आता जे काय हाय ते शेठ न्हेणार."

"तसंच दिसतंय."

"म्हशी, फटफटी, हिच्या अंगावरचं."

"व्हय."

"मंग त्याच्या आत गावाचं भागवतो."

टाकी आणि टेम्पो शेठच्या पैशाचे, त्यांना त्यानं हात लावला नाही, बाकी आठवडाभरात सगळं विकलं. चार म्हशी बेल्ह्याच्या बाजारात गेल्या. मोटारसायकल मांडवगणच्या एका मास्तरनं नेली. म्हाळसाचं डोरलं आणि बोरमाळ शिरूरच्या सोनाराकडं गेली. म्हाळसानं स्वतः काढून दिली, एवढंच म्हणाली, "नुसत्या गळ्यानं दारात उभी ऱ्हाईन, पण आनसाबाईचं त्वांड नगं." हे अनसाबाईचं काय, ते सांगतो. एक्केचाळीस घरांत चाळीस घरं गप्प होती. एकटी अनसाबाई त्याच्या आदल्या आठवड्यात तीन दिवस तात्याबाच्या पायरीवर रिकामी चरवी घेऊन बसली होती. म्हातारी विधवा बाई, दोन गाई, तोंड मात्र बारा गाड्यांचं. तात्याबाच्या आजोबापासून त्याच्या न झालेल्या नातवापर्यंत कुणाला तिनं सोडलं नाही. येणारेजाणारे थांबून ऐकायचे.

तर तात्याबानं पिशवीत पैसे घातले आणि वही घेऊन घरोघर गेला. एक्केचाळीस उंबरे. प्रत्येकाला मोजून दिले, मोजून घ्यायला लावले, वहीत त्यांची सही नाहीतर अंगठा. माझे अठराशे चाळीस होते. मी म्हणालो, "माझं राहू दे की." तर म्हणाला, "तुमचं ठिवलं तर उद्या म्हणाल तात्यानं एक्केचाळिसाव्याला बुडवलं." दिवसभर चालून तो संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसला. त्याच्या तोंडावर त्या वर्षातलं पहिलं हसू होतं. "झालं आबा," म्हणाला. "आता शेठ काय करायचं ते करंना."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एस.टी.नं दौंडला वकिलाकडं गेलो. करुणाताई म्हणून एक तरुण वकील होत्या, वडील रेल्वेत फिटर. कोर्टासमोर एका झेरॉक्सच्या दुकानामागं त्यांचं टेबल. पैशासाठी अडून बसत नाहीत, अशी ख्याती, म्हणून गेलो. त्यांनी कागद वाचला.

"मामा, रस्ते तीन आहेत," त्या म्हणाल्या. "एक, शेठबरोबर बसून हप्ते ठरवायचे."

"बसलो. त्यो म्हणला, निम्मं आज टाक, मंग बस."

"दुसरा, जेल. तीन महिन्यांपर्यंत ठेवतील. तिथल्या तुमच्या जेवणाचा खर्च शेठला कोर्टात भरावा लागतो."

तात्याबा हसला. "मंग न्हाई न्हेत त्यो मला. घरी गेल्यावर च्या पाजत न्हाई."

"हसू नका. जेलमधून सुटलात तरी देणं सुटत नाही, ते तसंच राहतं. तिसरा रस्ता नादारीचा. पुण्याच्या कोर्टात अर्ज द्यायचा, की माझ्याकडं हे एवढं आहे, देणं एवढं आहे, आणि ते मी फेडू शकत नाही. कोर्ट तुम्हाला नादार ठरवतं. तुमचं जे असेल ते रिसिव्हर म्हणून एक माणूस ताब्यात घेतो, विकतो, आणि ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांना ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणं वाटतो. त्या काळात तुम्हाला कुणी पकडू शकत नाही. पुढं कोर्टाला पटलं की तुम्ही खरेपणानं वागलात, तर तुम्ही मोकळे. उरलेलं देणं संपलं."

"नादार म्हंजी आमच्यात शिवी हाय, ताई."

"कोर्टात शिवी नाही. ज्याला खरंच फेडता येत नाही, त्याच्यासाठीच कायदा आहे. आता मला सगळ्यांची नावं सांगा. कुणाकुणाचं देणं?"

"एकट्या शेठचं," तात्याबा छाती काढून म्हणाला. "गावाचं कालच भागवलं. समदं इकलं आन् एक्केचाळीस घरी मोजून दिलं. एक पैसा ठिवला न्हाई."

करुणाताईंनी लिहायचं थांबवलं. "काल?"

"काल."

"कुणी मागायला आलं होतं?"

"न्हाई वो. मीच गेलो घरोघर. शेठच्या हाती लागायच्या आत."

त्यांनी कपाळाला हात लावला. मला अजून आठवतं, शेजारी झेरॉक्सचं यंत्र सटासट चालू होतं. मग त्यांनी हळूहळू समजावून सांगितलं, तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. अर्ज करायच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाला उपाशी ठेवून दुसऱ्याला आपखुशीनं पैसे दिले, तर कोर्ट तो व्यवहार रद्द करू शकतं. रिसिव्हर ज्यांना दिले त्यांच्याकडून परत मागतो आणि सगळ्यांत वाटतो. कायद्याच्या लेखी शेठ आणि अनसाबाई सारखेच.

तात्याबा म्हणाला, "मंग तीन महिने थांबून अर्ज देऊ."

"पकडायची तारीख पुढच्या महिन्यात आहे."

"मंग जेलात बसतो तीन महिने."

"आणि बाहेर आल्यावर? देणं तेवढंच, आणि शेठ तोवर घर जप्त करून लिलावात काढेल. माझं ऐका, अर्ज लगेच देऊ. शेठच्या वकिलाच्या लक्षात आलं नाही तर बरंच."

परत येताना तात्याबा खिडकीबाहेर बघत होता. उसाच्या गाड्या आडव्या, एस.टी. बैलांमागं चाललेली. आंबळ्याच्या पुढं आल्यावर म्हणाला, "आबा, म्या चुकलो कुठं ते कळंना."

अर्ज दिला. पकडायची तारीख टळली. रिसिव्हर म्हणून एक साहेब आले आणि घरातल्या वस्तूंची यादी करून गेले. टाकी, टेम्पो, काटा. म्हाळसानं त्यांना पाणी दिलं तर पिऊन तांब्यासुद्धा लिहिला का काय, असं बायका म्हणायच्या. पण तो माणूस भला होता, भांडी, अंथरूण, जात्यापाट्याला त्यानं हात लावला नाही. एक गोष्ट मात्र तात्याबाला सांगून गेला. ह्यापुढं पन्नास रुपयांवर उधारी करायची तर समोरच्याला आधी सांगायचं, की मी कोर्टानं ठरवलेला नादार आहे. न सांगता घेतली तर गुन्हा. तेव्हापासून संपतच्या किराणा दुकानात तात्याबा वस्तू मांडून बेरीज करायचा. अठ्ठेचाळीसवर आली की साबण परत ठेवायचा. संपत म्हणायचा, "अरं ने की मर्दा, मी कोर्टाला सांगायला चाललोय व्हय." तात्याबा साबण ठेवूनच जायचा.

शेठच्या वकिलाच्या लक्षात आलं. आलंच असतं. वही रिसिव्हरकडं होती आणि वहीत एक्केचाळीस सह्या-अंगठे एकाच तारखेचे. जूनमध्ये बेलिफ मोटारसायकलवरून गावात आला, मागं नोटिसांचा गठ्ठा. एक्केचाळीस घरांना. नादाराकडून मिळालेली रक्कम परत का करू नये, हजर राहून सांगावे. मला पण आली.

आता ते पैसे कुणाकडं होते? धुरपदाबाईनं कालवड घेतली होती. कुणी पत्रे घातले होते, कुणी लेकीचं बाळंतपण केलं होतं. सगळ्या बायका नोटिसा घेऊन तात्याबाच्या दारात. भांडायला नव्हत्या आल्या, पण चाळीस बायका दारात उभ्या राहिल्या की ते वेगळं दिसत नाही.

धुरपदाबाई म्हणाली, "भाऊजी, आमी मागितलंबी नव्हतं. दिलं कशाला मग?"

तात्याबा सोप्यात टाकीला टेकून बसला होता. रिसिव्हरचं सील लागलेली टाकी.

करुणाताई रविवारी स्वतः न्हावऱ्यात आल्या. शाळेच्या व्हरांड्यात सगळे बसलो. त्या म्हणाल्या, "मी तात्याबामामांची वकील आहे, तुमच्या बाजूनं मला उभं राहता येणार नाही. तुमचं तुम्ही बोलायचं. कायदा एवढाच सांगते. त्यांनी आपखुशीनं दिले असतील तर परत जातील. तगादा लागला, जाच झाला, त्याला भिऊन दिले असतील तर ते पैसे तुमच्याकडंच राहतात. खोटं बोला असं मी सांगणार नाही. काय झालं होतं ते आठवा."

सगळे एकमेकांकडं बघू लागले. जाच कुणी केला होता? आम्ही तर वर्षभर आमच्या चांगुलपणाचं कौतुक करत बसलो होतो.

तेवढ्यात मागनं अनसाबाई उठली. "म्या दिल्या शिव्या. तीन दिस दिल्या."

"कशासाठी?"

"पैशासाठी. आन् निसत्या माझ्या न्हाई. ह्या समद्या मुक्या, म्हून मी म्हणत व्हते, गावाचं दूध पिऊन बसलास, गावाचं दे."

हे खरं होतं. 'गावाचं दे' असं ती ओरडायची, मी माझ्या कानानं ऐकलं होतं. बायका एकदम बोलायला लागल्या. आम्हीच तिला बसवली होती, असं एक म्हणाली. मी तिला भाकरी नेऊन दिली होती, दुसरी म्हणाली. भाकरी दिली होती हे पण खरं. पण ती शिव्या देण्यासाठी दिली होती का भुकेसाठी, हे आता कोण सांगणार.

तात्याबा खांबापाशी उभा होता. "पण म्या तिच्या शिव्यांसाठी न्हाई दिलं," तो म्हणाला. "गावाला ठावं हाय. म्या आपल्या मनानं..."

"मामा," करुणाताई म्हणाल्या, "तुम्ही बसा."

दोन हजार दोनच्या जानेवारीत पुण्याला तारीख लागली. पहाटेची गाडी धरून आम्ही चौफुल्यामार्गे गेलो. सगळे नाही, अठरा-वीस जण. बाकीच्यांनी लेखी कैफियत दिली होती. अनसाबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. शिवाजीनगरच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर आम्ही भाकरी सोडून खाल्ल्या.

आधी अनसाबाईची साक्ष. शेठचा वकील म्हणाला, "बाई, शिव्या दिल्या म्हणता, म्हणजे नेमकं काय म्हणालात?"

त्यानं विचारायला नको होतं. अनसाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सुरुवात केली. टाइप करणारी बाई दोन ओळींतच थांबली आणि न्यायाधीश साहेबांकडं बघू लागली. अनसाबाई तात्याबाच्या आजोबांपाशी पोचली होती. साहेब म्हणाले, "बस, बस. अश्लील शिवीगाळ केली, एवढं लिहा." अनसाबाई म्हणाली, "आजून त्याच्या मामाचं ऱ्हायलंय." सगळं कोर्ट हसलं. शेठचा वकील पण.

मग तात्याबाला उभं केलं.

"कुणीही दावा केला नव्हता?" शेठच्या वकिलानं विचारलं.

"न्हाई."

"शेठची नोटीस आल्यावरच तुम्ही म्हशी विकल्या?"

"व्हय."

"आणि आपण होऊन, पिशवी घेऊन, घरोघर गेलात? एकाच दिवसात?"

"गेलो."

"कशासाठी गेलात?"

तात्याबानं आमच्याकडं बघितलं. वर्षभर तो ह्या एकाच गोष्टीवर जगत होता, हे मला माहीत होतं. टाकीला सील लागलं, टेम्पो नेला, संपतच्या दुकानात साबण परत ठेवावा लागला, पण कुणी भेटलं की म्हणायचा, "गावाचं मातुर मनानं दिलं, कुणी मागायच्या आधी." ते एक खरं वाक्य आता तो बोलला, तर धुरपदाबाईची कालवड जाणार होती. पुढच्या बाकावर म्हाळसा बसली होती, तिनं मान खाली घातली.

"भ्यालो, साहेब," तात्याबा म्हणाला.

"कुणाला भ्यालात?"

"बायकांना."

परत सगळं कोर्ट हसलं. टाइप करणाऱ्या बाईंनी लिहिलं. तात्याबा पिंजऱ्याच्या लाकडाला धरून उभा होता, कुणाकडंही न बघता.

दोन महिन्यांनी निकाल लागला. रक्कम तगाद्यामुळं आणि भीतीपोटी दिली गेली, सबब परत करण्याचं कारण नाही. गावात पेढे वाटले. टाकी आणि टेम्पो विकून आले त्यातून खर्च वजा जाऊन शेठला रुपयामागं एकोणतीस पैसे मिळाले. घराचं काय, ते घर आणि अडीच गुंठे इतक्या भावाबहिणींच्या नावात गुंतलं होतं की घेणारा कुणी पुढं आला नाही. नादारीतून मोकळं व्हायला तात्याबाला आणखी दोन वर्षं लागली.

त्या दोन वर्षांचं सांगायचं म्हणजे, करुणाताईंनी निकालाच्या दिवशीच त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. "मामा, आपल्या मनानं दिले हे वाक्य आता तोंडातून काढायचं नाही. कुठंच नाही. शेठ अपील करायला टपलाय." त्यामुळं त्याला गावातही ते बोलता येईना. आणि आमचं गाव. नव्या सरकारमान्य डेअरीत तो कॅन धुवायच्या कामाला लागला होता, रोजावर. दूध घालायला येणारी कालची पोरं म्हणायची, "तात्या, पळ, आनसाबाई आली." तो हसायचा आणि ब्रश फिरवत राहायचा. लग्नात जेवायला बसला की कुणी म्हणायचं, "बायकांच्या पंगतीकडं तोंड करून बसू नगं, घास गिळायचा न्हाई." अनसाबाईला तर त्या साक्षीनं इतकी कीर्ती आली की कुणाची उधारी अडकली की लोक तिलाच बोलवायला लागले. कोर्टानं मला मानलंय, असं ती म्हणायची. तिला अक्षर येत नाही म्हणून मी हे बिनधास्त लिहितोय. कुणी वाचून दाखवलं तर माझं काय होईल ते दिसतंच आहे.

दोन हजार चार साली मोकळं केल्याचा हुकूम आला. अपिलाची मुदत पण पुढं सरली. मी डेअरीवर मुद्दाम गेलो. तात्याबा कॅनमध्ये कोपरापर्यंत हात घालून आतला साका काढत होता.

"तात्या, आता तुला कुणी काय करू शकत न्हाई," मी म्हणालो. "आता सांग की लोकांना. मीच सांगतो पारावर."

त्यानं कॅन उपडा केला. पाणी निथळू दिलं.

"कुणाला सांगायचं आबा? जे व्हतं ते त्यांनी कोर्टात ऐकलं."

"तू मनानं दिलंस हे धुरपदाला ठावं हाय, मला ठावं हाय."

"धुरपदा वहिनीनं परवाच मला इचारलं, भाऊजी, खरंच यवढं भ्याला व्हता व्हय. म्या व्हय म्हणलो." त्यानं दुसरा कॅन ओढला. "आन् तिकडं ती म्हातारी. समद्या गावाचं पैसं मी काढून दिलं म्हणती. तिच्याकडं दुसरं काय हाय? दोन गाई, त्याबी भाकड झाल्यात. ऱ्हाऊ द्या तिला."

"आन् तुला?"

त्यानं कॅनात ब्रश घातला. बाहेर संध्याकाळचं दूध यायला लागलं होतं. रांगेतल्या एका पोरानं आत डोकावून नेहमीचं वाक्य टाकलं, तात्या, आली बघ. तात्याबानं ब्रश टाकला आणि कॅनांच्या मागं लपल्यासारखं केलं. रांग हसली. मी पण हसलो, माझी चरवी पुढं केली, आणि डिग्री लागली सव्वीस.